घरच्या रीफ टँकमध्ये जायंट क्लॅम: पहिला शिंपला आणण्याआधी आणि आणल्यानंतर

तिसऱ्या शिजवायला घेण्याआधी माझी आई एकेक शिंपी हातात घेऊन बघायची. तोंड उघडं दिसलं तर नखाने टिचकी मारायची. मिटली तर टोपात, नाही मिटली तर बाहेर. आता न्यू जर्सीतल्या घरी रोज दुपारी रीफ टँकचे, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचे, दिवे लागले की मी तेच माझ्या जायंट क्लॅमला, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या शिंपल्याला करते, फक्त टिचकीऐवजी हाताची सावली धरते. क्लॅमच्या झालरीच्या, म्हणजे शिंपांबाहेर पसरलेल्या मांसाच्या, काठावर शेकडो बारीक डोळे असतात. त्यांना उजेड कमी झालेला कळतो आणि क्लॅम झालर आत ओढून घेतो. चटकन ओढली तर तब्येत ठीक. दोन क्षण विचार करत बसला तर मी त्या दिवशी दुसरं काम हातात घेण्याआधी पाणी तपासते.

हा लेख ज्यांच्या घरी रीफ टँक आधीपासून चालू आहे आणि ज्यांना पहिला जायंट क्लॅम आणायचा आहे, त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे, ते आत्ताच सांगते. क्लॅम पाळणं अवघड नाही. तो यायच्या आधी वर्षभर पाणी एकसारखं ठेवणं अवघड आहे. ते जमलं असेल तर उरलेलं सगळं शिकता येतं.

आधी कायदा

भारतात राहत असाल तर जायंट क्लॅम घरी पाळू नका. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. टणक प्रवाळही त्याच अनुसूचीत आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. ओळखीच्या कुणी ‘सगळे ठेवतात’ म्हटलं तरी त्याने कायदा बदलत नाही. लक्षद्वीपला किंवा अंदमानला गेलात तर स्नॉर्केल लावून उथळ पाण्यात जा, खडकात रुतलेले निळे-जांभळे मॅक्सिमा जिवंत बघायला मिळतील. हात लावू नका आणि रिकामा शिंपलाही उचलून आणू नका.

अमेरिका, युरोप, आखाती देश, ऑस्ट्रेलिया इथे राहणाऱ्यांसाठी नियम वेगवेगळे आहेत. सगळे जायंट क्लॅम सायटीस या संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये १० जातींना संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली आणण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. त्याचं पुढे काय झालं आणि तुम्हाला हवी ती जात आज कुठे बसते, हे खरेदीच्या आठवड्यातच तपासा, मागच्या वर्षी वाचलेल्यावर विसंबू नका.

विकत घ्यायचा तो फक्त शेतीत वाढवलेला. समुद्रातून उपटलेला नाही. पलाऊ बेटांवरच्या मायक्रोनेशियन मॅरिकल्चर डेमॉन्स्ट्रेशन सेंटरमध्ये १९८० च्या दशकात जेराल्ड हेस्लिंगा आणि सहकाऱ्यांनी क्लॅमची पैदास मोठ्या प्रमाणावर करून दाखवली, त्यामुळे आज हा पर्याय आहे. विक्रेत्याला थेट विचारा: कुठल्या हॅचरीतला (पैदास केंद्रातला), किती दिवस तुमच्याकडे आहे, कागद आहेत का. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून निघा. खडकातून उपटून काढलेल्या क्लॅमच्या पायाला बहुतेक वेळा इजा झालेली असते, त्यामुळे हा सल्ला नुसता नीतीचा नाही, पैशाचाही आहे.

हा प्राणी जगतो कसा

शिंपल्याच्या दोन शिंपांमधून बाहेर पसरलेलं रंगीत मांस म्हणजे मँटल. मी त्याला झालर म्हणते. तिच्यात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. क्लॅमच्या जठरातून बारीक नळ्यांचं जाळं झालरीत पसरतं आणि शैवाल त्या नळ्यांत असतं. ते उजेडात साखर तयार करतं, त्यातला मोठा वाटा क्लॅमला मिळतो. बदल्यात क्लॅम त्याला आसरा देतो आणि अमोनियम, नायट्रेट असं खत पुरवतो. झालरीवरचा निळा-हिरवा झगमगाट शैवालाचा नाही. तो इरिडोसाइट नावाच्या पेशींचा. त्या शैवालाला नको असलेला उजेड परत फेकतात आणि हवा असलेला आत खोलवर पसरवतात.

पिल्लू हे शैवाल घेऊन जन्माला येत नाही. अंड्यातून निघालेली अळी साधारण आठवडाभर पोहते, तळाला बसते आणि पाण्यातलं शैवाल गिळून त्यातलं काही पोटात सांभाळून ठेवते. हे मला फार विलक्षण वाटतं, म्हणून सांगितलं. पण यातून कामाचे तीन निष्कर्ष निघतात: उजेड हे त्याचं जेवण आहे, पाण्यात थोडं नायट्रेट असणं गरजेचं आहे, आणि शिंप बांधायला कॅल्शियम व अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) सतत लागते.

टँक तयार आहे का?

माझा पहिला क्लॅम एक निळा क्रोसिया होता, जायंट क्लॅमची ही एक जात. टँक पाच महिन्यांचा होता, चाचण्यांचे आकडे सुंदर येत होते. नवव्या दिवशी क्लॅम गेला. आकडे सुंदर होते, पण ते दर दोन दिवसांनी वेगळे होते, आणि मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. शिवाय दुसऱ्या दिवशी तो काचेला चिकटला तेव्हा मी त्याला ओढून काढला होता. ती चूक माझीच, आणि तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

टँक किमान वर्षभर चालू असावा. २०० लिटरच्या खाली जाऊ नका. डेरासा ही मोठी होणारी जात ठेवायची तर ३०० लिटर तरी हवेत. मोठ्या टँकमध्ये पाणी हळू बदलतं, मोठेपणाचा खरा फायदा तोच. दगडांवर गुलाबी-जांभळं कोरलाइन शैवाल पसरलेलं असेल आणि एखादा लहान टणक प्रवाळ सहा महिने वाढत असेल, तर तुमचा टँक तयार आहे असं मी मानेन. चाचणीच्या कागदापेक्षा माझा त्या प्रवाळावर जास्त विश्वास आहे.

पाणी आरओडीआयचंच (फिल्टरने क्षार पूर्ण काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. इथल्या घरांत नळजोडण्या बऱ्याचदा तांब्याच्या असतात आणि तांबं हे शिंपल्यांना विष आहे. त्याच कारणाने टँकचं पाणी काढा-घालायला गावाहून आणलेला तांब्याचा हंडा किंवा पितळी तपेली कधीही वापरू नका, अन्नाला चालणारी प्लास्टिकची बादली वेगळी ठेवा. टँकमध्ये माशांसाठी कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर ते दगडात आणि वाळूत मुरलेलं असू शकतं. असा टँक क्लॅमसाठी बाद. टँकच्या खोलीत झुरळ-डासांचा फवारा मारायचा नाही. हातावर लोशन असेल तर आधी स्वच्छ धुवून मग पाण्यात घाला.

मी ज्या आकड्यांवर टँक ठेवते ते असे:

- तापमान २५ ते २६.५ अंश सेल्सियस
- खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६
- अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं मोजायचं एकक)
- कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), मॅग्नेशियम १२८० ते १३८० पीपीएम
- नायट्रेट ३ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम
- अमोनिया आणि नायट्राइट शून्य

नायट्रेट शून्यावर आणायचा हट्ट सोडा. खूप तगडा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि फॉस्फेट शोषणारी पावडर लावून पाणी अगदी ‘स्वच्छ’ केलेल्या टँकमध्ये क्लॅमची झालर फिकट होत जाते, कारण आतलं शैवाल उपाशी राहतं. मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा माशांचं खाणं थोडं वाढवल्यावर सहा आठवड्यांत रंग परत आला.

अल्कलिनिटीचा हिशेब

नवखी माणसं इथेच अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगते. एका दिवशी रात्री ९ वाजता अल्कलिनिटी मोजा. काहीही न घालता दुसऱ्या दिवशी रात्री ९ लाच परत मोजा. समजा ८.६ ची ८.२ झाली. म्हणजे टँक दिवसाला ०.४ डीकेएच खातोय. शिंप बनताना १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम वापरलं जातं, म्हणजे इथे दिवसाला सुमारे ३ पीपीएम. कॅल्शियमच्या घरगुती किटला एका दिवसाचा हा फरक दिसत नाही, म्हणून रोजचं मोजमाप अल्कलिनिटीचं आणि कॅल्शियम आठवड्यातून एकदा.

भरून कसं काढायचं? १ लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ०.०३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. ३०० लिटर पाण्याला ०.४ डीकेएचसाठी ३०० × ०.०३ × ०.४, म्हणजे ३.६ ग्रॅम. त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट सुमारे ३ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत आरओडीआय पाण्यात विरघळवा, एकमेकांत मिसळू नका, नाहीतर तळाला पांढरा चुना बसेल. पंपापाशी जोराच्या प्रवाहात हळूहळू ओता, दोघांमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट, बेकिंग पावडर नव्हे. ३०० लिटर म्हणताना दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करा आणि संपमधलं, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतलं, पाणी धरा.

क्लॅम जसा वाढतो तसा हा खप वाढत जातो. महिन्यातून एकदा हाच दोन दिवसांचा हिशेब पुन्हा करा. सहा महिन्यांपूर्वीच्या डोसवर टँक चालत ठेवला की अल्कलिनिटी कधी घसरली ते कळतही नाही. हाताने जमत नसेल तर दोन नळ्यांचा डोसिंग पंप घ्या, माझ्या मते क्लॅमवर खर्च करण्याआधी तो खर्च करावा.

उजेड

नजरेवर जाऊ नका, पार मीटर (शैवालाला वापरता येणारा उजेड, म्हणजे पार, मोजणारं यंत्र) भाड्याने किंवा रीफ क्लबमधून मागून आणा. जिथे क्लॅम बसणार त्या जागेवर सेन्सर ठेवून मोजा. डेरासा आणि स्क्वामोसाला १५० ते २५० पार पुरतो. मॅक्सिमा आणि क्रोसियाला २५० ते ४०० हवा. दिवसाला ८ ते १० तास. त्याहून जास्त वेळ दिवे ठेवून कमी उजेडाची भरपाई होत नाही.

पंपाची धार झालरीवर सरळ येता कामा नये. झालर हलकी डुलली पाहिजे. तिचा काठ उलटून शिंपेवर दुमडला जात असेल तर प्रवाह जास्त आहे.

कुठली जात

पहिला क्लॅम डेरासा, आणि तुमच्याकडे तो कायद्याने मिळत नसेल तर स्क्वामोसा. हे माझं ठाम मत आहे. डेरासाची शिंप गुळगुळीत, रुंद लाटांची असते, झालरीवर पिवळे-तपकिरी-निळे पट्टे असतात. तो वेगाने वाढतो, लहानसहान चुका माफ करतो. स्क्वामोसाच्या शिंपेवर मंगलोरी कौलांसारखे उभे पापुद्रे असतात. तोही सोशिक. हे दोघं वाळूवर बसतात.

मॅक्सिमा आणि क्रोसिया दिसायला सगळ्यांत देखणे आणि दुकानात हात आधी त्यांच्याकडेच जातो. ते खडकावर राहतात, क्रोसिया तर खडक कोरून त्यात रुततो. दोघांनाही उजेड जास्त लागतो आणि स्थिरता त्याहून जास्त. दुसरा क्लॅम म्हणून आणा. हिप्पोपसची झालर शिंपेच्या काठाबाहेर येत नाही, त्यामुळे वरून तो तितका उठावदार वाटत नाही. बाजूने मात्र सुंदर दिसतो. गिगास, म्हणजे १.२ मीटरच्या वर आणि २०० किलोहून जड होणारा, घरचा प्राणी नाही.

आकाराबाबत: ५ सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका. त्यांच्या झालरीचा पसारा कमी, साठा कमी, त्यामुळे प्रवासाचा ताण सोसत नाहीत. ७ ते १० सेंटिमीटर हा उत्तम आकार.

दुकानात काय बघायचं

आधी लांब उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. झालर शिंपेच्या काठाबाहेर पूर्ण पसरलेली हवी. मग सावली धरा. मग दोन भोकं शोधा. एक लांबट, पाणी आत घेणारं. दुसरं गोल, धुराड्यासारखं वर आलेलं, पाणी बाहेर टाकणारं. आत घेणारं भोक ताणून आ वासल्यासारखं उघडं असेल आणि आतल्या कल्ल्या स्पष्ट दिसत असतील तर तो क्लॅम थकलेला आहे. स्वस्तात मिळाला तरी नको. झालरीच्या मध्यावर पांढुरके, काचेसारखे डाग असतील तर शैवाल निघून गेलंय. झालरीचा काठ जागोजागी चिमटीत धरल्यासारखा आक्रसलेला असेल तर तो रोग आहे आणि तो त्याच टँकमधल्या दुसऱ्या क्लॅमलाही असू शकतो.

शिंपेचा वरचा काठ बघा. पांढरी शुभ्र, स्वच्छ पट्टी म्हणजे नुकतीच झालेली वाढ. शेवटी दुकानदाराला क्लॅम अलगद उचलून खालची बाजू दाखवायला सांगा. तिथे शिंपांच्या सांध्याजवळ फट असते, तिच्यातून पाय आणि धागे बाहेर येतात. ते मांस फाटलेलं, लोंबलेलं नसावं. आठवडाभर दुकानात काढलेला क्लॅम काल आलेल्यापेक्षा चांगला. आगाऊ पैसे देऊन आठवडाभर तिथेच ठेवायला सांगितलं तर बहुतेक दुकानदार हो म्हणतात.

घरी आणल्याचा दिवस

१. टँकचे दिवे मंद करा. पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान सारखं होऊ द्या.

२. क्लॅम जवळच्या दुकानातून आणला असेल तर स्वच्छ बादलीत पिशवीतल्या पाण्यासकट ठेवा आणि टँकचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब ४५ मिनिटं सोडा. पोस्टाने रात्रभर प्रवास करून आला असेल तर इतका वेळ घेऊ नका. बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण पीएच उतरलेला असल्यामुळे तो सौम्य अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवायचं, रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा बघायचा आणि फरक थोडा असेल तर १५ मिनिटांत क्लॅम स्वच्छ पाण्यात न्यायचा.

३. शिंपेची तपासणी करा. नव्या मऊ टूथब्रशने, टँकच्या पाण्याच्या बादलीत, शिंपेची बाहेरची बाजू घासा. झालरीला आणि पायाला ब्रश लावू नका. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई आणि जेलीसारखे अंड्यांचे पुंजके शोधा. पिशवीतलं आणि बादलीतलं पाणी टँकमध्ये घालायचं नाही, फेकून द्यायचं.

४. क्लॅम पाण्याखाली नेल्यावर हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलता करा. आत अडकलेले हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. उचलताना दोन्ही शिंपांना धरून, खालून आधार देऊन.

५. वाळूवर आधी तळहाताएवढी चपटी फरशी किंवा दगड ठेवा आणि त्यावर क्लॅम, पायाची फट खाली, झालर दिव्याकडे. खडकावर ठेवायचा असेल तर अशा खोबणीत ठेवा, की तो उलटणार नाही आणि शिंपा उघडायला जागाही राहील.

त्या फरशीचं कारण असं. क्लॅम एकदोन दिवसांत पायातून रेशमासारखे चिवट धागे काढतो आणि खाली जे मिळेल त्याला घट्ट चिकटतो. ते काम त्याला आत्मविश्वास देतं असं मी म्हणेन, कारण चिकटल्यावर झालर जास्त पसरते. चिकटलेला क्लॅम ओढला तर धागे तुटत नाहीत, ते ज्या ग्रंथीतून निघतात ती मुळासकट फाटते, आणि तो जखमी क्लॅम बहुधा वाचत नाही. माझा क्रोसिया असाच गेला. फरशीला चिकटलेला असेल तर फरशीसकट उचलता येतो. काचेला किंवा मोठ्या खडकाला चिकटलाच, तर पातळ धारदार ब्लेड काचेला टेकवून धागे क्लॅमपासून लांब, अगदी बुडाशी कापा. कापलेले धागे तो पुन्हा काढतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत क्लॅम स्वतःहून सरकतो, कधी पाणी झटक्याने बाहेर फेकून उडीही मारतो. उलटा पडला तर सरळ करा. पण रोज जागा बदलू नका. तीनदा जागा बदलावी लागली तर प्रश्न जागेचा नसून प्रवाहाचा किंवा उजेडाचा आहे.

वेगळा क्वारंटाइन टँक असेल तर चार आठवडे आधी तिथे ठेवणं सगळ्यांत उत्तम, पण त्या टँकला पुरेसा दिवा हवा आणि त्यात आयुष्यात कधी तांब्याचं औषध गेलेलं नसावं. असा टँक नसेल तर रात्रीची तपासणी काटेकोर करा.

पहिले दोन महिने

उजेड हळूहळू वाढवा. दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणा किंवा क्लॅम खालच्या पातळीवर ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत वर न्या. दुकानात तो कदाचित मंद दिव्याखाली होता.

दर दोन रात्रींनी, दिवे गेल्यावर एक तासाने, लाल टॉर्च घेऊन शिंपेचा काठ आणि पायाची फट बघा. त्या बारीक पांढऱ्या पिरॅमिडेलिड गोगलगाई तेव्हाच बाहेर येतात, सोंडेने क्लॅमचं रक्त पितात आणि भराभर वाढतात. दिसल्या तर क्लॅम फरशीसकट बादलीत घेऊन पुन्हा ब्रश. हे काही आठवडे चिकाटीने करावं लागतं, कारण अंडी सुटतात. सिक्सलाइन रॅस हा छोटा मासा काही टँकमध्ये त्या खातो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

खायला काय द्यायचं, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. ७ सेंटिमीटरच्या वरच्या क्लॅमला चांगला दिवा आणि मासे असलेला टँक पुरतो. माशांची विष्ठा हेच त्याचं खत. त्याहून लहान क्लॅमला जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) आठवड्यातून दोन-तीनदा द्या, स्किमर अर्धा तास बंद ठेवून, टँकमध्ये मोकळं सोडून. पिचकारीने त्याच्या तोंडात मारू नका, तो दचकून मिटतो.

शेजारी

सेंट्रोपायगी जातीचे लहान एंजलफिश, बटरफ्लाय, ट्रिगर आणि पफर यांच्याबरोबर क्लॅम ठेवू नका. ‘माझा एंजल प्रवाळाला तोंड लावत नाही’ हे खरं असेलही, पण क्लॅमची झालर त्याला दोन वर्षांनंतरही अचानक चविष्ट लागू शकते. क्लाउनफिश, गोबी, क्रोमिस चालतात. क्वचित क्लाउन क्लॅमलाच अॅनिमोन (समुद्रफूल) समजून त्यात लोळतो आणि क्लॅम मिटून बसतो. मग दोघांपैकी एकाला हलवावं लागतं. टॉर्च, हॅमर, गॅलक्सी यांसारखे डंख मारणारे प्रवाळ हातभर लांब. अॅनिमोन चालत फिरतो, म्हणून तो त्या टँकमध्ये नसलेलाच बरा.

बिघडलं तर

क्लॅम मिटून बसला, झालर अर्धवट आली, तर पहिल्यांदा खारटपणा, तापमान आणि अल्कलिनिटी तपासा. मग टॉर्च घेऊन गोगलगाई. मग तासभर समोर बसून मासे काय करतात ते बघा. बहुतेक वेळा कारण या तिघांत सापडतं.

झालर चिमटल्यासारखी दिसत असेल तर रीफकीपर गोड्या पाण्याचा उपाय करतात: आरओडीआय पाणी टँकच्याच तापमानाचं, पीएच ८.१-८.२ च्या आसपास आणलेलं, त्यात २० ते ३० मिनिटं. ऐकायला क्रूर वाटतं, पण क्लॅम घट्ट मिटून सहन करतो. मी एकदा केला आहे आणि तो क्लॅम आजही आहे. मात्र आधीच आ वासलेल्या, थकलेल्या क्लॅमला हे देऊ नका, तो त्यातच जाईल.

झालर फिकट झाली असेल तर घाईने दिवा वाढवू नका. आधी नायट्रेट बघा, नंतर तापमान.

आणि आईची टिचकी: शिंपा उघड्या, सावलीला हालचाल नाही, काठाला हलकं बोट लावलं तरी मिटत नाही, वास येतोय, तर तो गेलेला आहे. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. मोठा क्लॅम कुजला तर काही तासांत अमोनिया चढतो आणि मासे धोक्यात येतात. लगेच बाहेर काढा, पाव टँक पाणी बदला, ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन लावा, दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा.

हिवाळ्याच्या वादळात इथे वीज जाते. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या आणि टँकभोवती गुंडाळायला जुनी दुलई. अंधारात क्लॅम एक-दोन दिवस काढतो, गारठ्यात आणि प्राणवायूविना काढत नाही.

वाढल्यावर

नीट जमलं तर डेरासा वर्षाला ४-५ सेंटिमीटर सहज वाढतो आणि निसर्गात अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. माझा ८ सेंटिमीटरचा आला होता, सहा वर्षांत ३१ झाला. आता तो धाग्यांनी चिकटत नाही, नुसता वजनावर बसतो. त्याच्या सावलीत वाळूवरचे दोन प्रवाळ हलवावे लागले आणि टँकच्या सोड्याचा खप तिप्पट झाला.

म्हणून आणतानाच ठरवा, की तो २५ सेंटिमीटरचा झाल्यावर कुठे जाईल. तुमचा मोठा टँक, एखादा मित्र, किंवा क्लॅम स्वीकारणारं सार्वजनिक मत्स्यालय. आधी फोन करून विचारा, सगळी मत्स्यालयं घरचे प्राणी घेत नाहीत. न्यायची वेळ आली तर आदल्या दिवशीच त्याच्यासाठी झाकणाचा, अन्नाला चालणारा मोठा डबा तयार ठेवा. डबा टँकमध्येच बुडवून क्लॅम पाण्याखाली आत सरकवा, म्हणजे हवा शिरत नाही. उचलायला दोन माणसं घ्या. पाण्यासकट तो वाटतो त्यापेक्षा खूप जड असतो.